ॲरन बर : हॅमिल्टनला गोळी घालणारा उपाध्यक्ष, आणि त्याच्याबद्दल लोक सारखे विचारतात ते प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतातून कोणी आलं की एक चक्कर वीहॉकनला होतेच, कारण तिथून हडसन नदीपलीकडचं अख्खं मॅनहॅटन दिसतं, फोटो झकास येतात. तिथेच एक छोटं स्मारक आहे. ते बघून प्रत्येक पाहुणा विचारतो की इथे काय झालं होतं. मग गोष्ट सुरू होते आणि गाडीत घरी येईपर्यंत प्रश्न संपत नाहीत. तेच प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवलेत. बऱ्याच जणांना तो फक्त ब्रॉडवेच्या म्युझिकलमधून माहितीये, पण माणूस त्याहून बराच मोठा आणि गुंतागुंतीचा होता असं मला मनापासून वाटतं.

हा ॲरन बर नक्की कोण?

अमेरिकेचा तिसरा उपाध्यक्ष, १८०१ ते १८०५, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच्या हाताखाली. त्याआधी वकील, स्वातंत्र्ययुद्धात कर्नल, न्यूयॉर्कचा ॲटर्नी जनरल, मग सिनेटर. १८०४ मध्ये पदावर असतानाच त्याने अलेक्झांडर हॅमिल्टनला, अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याला, द्वंद्वयुद्धात गोळी घातली, तीन वर्षांनी त्याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, तो त्यातून सुटला, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं बदनाम होऊन जगला. आडनावाचा उच्चार 'बर'.

त्याचं घराणं कसलं? गरिबीतून वर आला का?

नाही, उलट. आजोबा जोनाथन एडवर्ड्स म्हणजे त्या काळातले अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले धर्मपंडित, वडील प्रिन्स्टन कॉलेजचे (तेव्हा त्याला कॉलेज ऑफ न्यू जर्सी म्हणायचे) दुसरे अध्यक्ष. जन्म ६ फेब्रुवारी १७५६, गाव नेवार्क, हो, आपलं विमान उतरतं तेच नेवार्क.

पण बघा काय झालं. सप्टेंबर १७५७ मध्ये वडील गेले. त्यांच्या जागी आजोबा कॉलेजचे अध्यक्ष झाले, देवीची लस टोचून घेतली आणि त्यातच मार्च १७५८ मध्ये गेले. एप्रिलमध्ये आई गेली. मग नातवंडांना न्यायला आलेली आजीही त्याच वर्षी गेली. म्हणजे जेमतेम तेरा महिन्यांत घरातली चार मोठी माणसं संपली, आणि मागे राहिला अडीच वर्षांचा ॲरन आणि त्याची मोठी बहीण सॅली. मामाने, टिमथी एडवर्ड्सने, दोघांना वाढवलं. मामा स्वतः तेव्हा विशीतला, आणि कडक शिस्तीचा, त्यामुळे पोरगं घरातून पळून जायचं.

तेराव्या वर्षी प्रिन्स्टनला प्रवेश, तोही थेट दुसऱ्या वर्षात, आणि १७७२ मध्ये सोळाव्या वर्षी ग्रॅज्युएट. घरच्या परंपरेप्रमाणे धर्मशास्त्र शिकायला घेतलं, जमलं नाही, सोडून कायद्याकडे वळला, बहिणीच्या नवऱ्याकडेच, टॅपिंग रीव्हकडे लिचफिल्डला. तेवढ्यात युद्ध सुरू झालं.

स्वातंत्र्ययुद्धात त्याने खरंच काही केलं, की नावापुरता कर्नल?

खरंच केलं. १७७५ च्या शेवटी शेवटी बेनेडिक्ट आर्नल्डची तुकडी मेनच्या जंगलातून क्वेबेकवर चालून गेली, त्यात एकोणीस वर्षांचा बर होता. थंडी, उपासमार, लोक बुटाचं चामडं उकळून खात होते अशी ती मोहीम. ३१ डिसेंबरला बर्फाच्या वादळात हल्ला झाला, जनरल माँटगोमरी बरच्या जवळच पडला. त्याचं शव बर्फातून ओढून आणायचा प्रयत्न बरने केला असं सांगतात आणि त्यावरून त्याचं नाव झालं. नंतर थोडे दिवस वॉशिंग्टनच्या स्टाफवर होता पण दोघांचं जमलं नाही, आणि हे न जमणं पुढे त्याला आयुष्यभर नडलं. १७७६ मध्ये मॅनहॅटनवरून माघार घेताना एक ब्रिगेड ब्रिटिशांच्या तावडीत सापडणार होती, तिला त्याने वाट दाखवून बाहेर काढलं. १७७८ ला मॉनमथच्या लढाईत भयंकर उकाड्यात त्याला उष्माघात झाला, तब्येत ढासळली आणि १७७९ मध्ये त्याने राजीनामा दिला.

पाण्याची कंपनी काढून बँक उघडली, ही काय भानगड?

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण माणसाचं डोकं कसं चालायचं ते यात दिसतं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

१७९८ मध्ये न्यूयॉर्कात पिवळ्या तापाची मोठी साथ आली. शहराचं पाणी घाणेरडं, विहिरी खराब, लोक म्हणायचे की साथीचं कारण हे पाणीच. (खरं कारण डास, पण ते कळायला अजून शंभर वर्षं होती.) बरने १७९९ मध्ये विधिमंडळाकडून 'मॅनहॅटन कंपनी'ची सनद मिळवली, शहराला स्वच्छ पाणी द्यायला, भांडवल वीस लाख डॉलर. सुरुवातीला पाण्याच्या योजनेला खुद्द हॅमिल्टनचाही पाठिंबा होता. सनदेत शेवटी शेवटी एक छोटं कलम होतं की पाण्याच्या कामातून उरलेलं भांडवल कंपनी कायद्यात बसेल अशा कुठल्याही पैशाच्या व्यवहारात वापरू शकेल. कोणी नीट वाचलं नाही. सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीटवर बँक उघडली!

आता यामागची गरजही समजून घ्या. तेव्हा शहरात दोनच बँका होत्या, दोन्ही हॅमिल्टनच्या फेडरलिस्ट गटाच्या हातात, आणि विरोधी रिपब्लिकन गटातल्या व्यापाऱ्याला, कारागिराला कर्ज मिळणं अवघड. (हे रिपब्लिकन म्हणजे जेफरसनचा पक्ष, आजच्या रिपब्लिकन पार्टीशी घोळ करू नका.) ती कोंडी बरने फोडली. पण पाण्याचं काय? पाइनचे ओंडके पोखरून त्याचे नळ रस्त्याखाली टाकले, जुन्या शहराच्या जवळच एक विहीर खणली, दूरवरून नदीचं ताजं पाणी आणायचा खर्च टाळला. पाणी कमी, चव वाईट. शहराला खरं चांगलं पाणी १८४२ मध्ये क्रोटनच्या कालव्याने मिळालं, म्हणजे चाळीसेक वर्षं लोकांनी ते सोसलं. त्याच्या बँकेला मी नावं ठेवत नाही, पण साथीच्या भीतीत असलेल्या शहराला पाण्याचं आश्वासन देऊन असं करणं मला पटत नाही.

ती बँक १९५५ मध्ये चेस नॅशनलमध्ये विलीन झाली, चेस मॅनहॅटन झाली, आणि २००० मध्ये जेपी मॉर्गन चेस. आपली कितीतरी मराठी मुलं मुंबईत त्या बँकेत नोकरीला आहेत, त्यांच्या कंपनीचं एक मूळ इथे आहे.

१८०० च्या निवडणुकीत तो राष्ट्राध्यक्ष होता होता राहिला म्हणतात, ते कसं?

तेव्हाची पद्धत अशी की प्रत्येक इलेक्टरने (म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेला प्रतिनिधी) दोन मतं द्यायची, दोन्ही राष्ट्राध्यक्षपदाचीच. ज्याला जास्त तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. रिपब्लिकन पक्षाने जेफरसनला राष्ट्राध्यक्ष आणि बरला उपाध्यक्ष करायचं ठरवलं होतं, म्हणजे एखाद्या इलेक्टरने बरला मत न देता दुसऱ्या कोणाला द्यायला हवं होतं. कोणीच ते केलं नाही. निकाल लागला ७३-७३. जॉन ॲडम्सला ६५.

न्यूयॉर्क जिंकून दिलं होतं ते बरने, हे विसरू नका. तिथल्या विधिमंडळाची निवडणूक म्हणजेच बारा इलेक्टर्सची निवडणूक, आणि त्याने शहरातल्या मतदारांच्या याद्या केल्या, कोण कुठल्या बाजूचा, कोणाकडून किती वर्गणी मिळेल, कोणाला घरून आणावं लागेल, सगळं लिहून काढलं. स्वतःचं घर कार्यकर्त्यांना दिवसरात्र उघडं, खाणंपिणं तिथेच, झोप आली तर जमिनीवर गाद्या टाकलेल्या. आज आपल्याकडे बूथ लेव्हलचं काम म्हणतात ना, अगदी तेच, सव्वादोनशे वर्षांपूर्वी.

तर बरोबरी झाल्यावर प्रश्न गेला प्रतिनिधीगृहाकडे. सोळा राज्यं, प्रत्येकाला एक मत, जिंकायला नऊ. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं, आठ राज्यं जेफरसनकडे, सहा बरकडे, दोन अडकलेली. परत मतदान, परत तेच. पस्तीस वेळा तेच! फेडरलिस्टांना जेफरसन नको होता म्हणून ते बरला मतं देत होते, आणि हॅमिल्टन, जो स्वतः फेडरलिस्ट, तो पत्रावर पत्रं लिहून सांगत होता की जेफरसन परवडला पण बर नको. १७ तारखेला छत्तिसाव्या फेरीत डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड बरला मत द्यायचा थांबला, कोंडी फुटली आणि जेफरसन निवडून आला.

या सगळ्यात बर कुठे होता? ऑल्बनीत. २ फेब्रुवारीला तिथे लेकीचं लग्न होतं. त्याने वॉशिंग्टनला जाऊन सौदेबाजी केल्याचा पुरावा नाही, पण "मी राष्ट्राध्यक्ष होणार नाही, मला मतं देऊ नका" असं जाहीर, स्पष्ट, एका वाक्यात त्याने सांगितलं नाही हेही खरंय. ते एक वाक्य बोलला असता तर पुढचं आयुष्य वेगळं गेलं असतं असं मला राहून राहून वाटतं. जेफरसनने त्याच्यावर परत कधी विश्वास ठेवला नाही, आणि १८०४ मध्ये त्याला बाजूला करून जॉर्ज क्लिंटनला घेतलं. त्याच वर्षी घटनेत बारावी दुरुस्ती होऊन दोन पदांची मतं वेगळी झाली.

हॅमिल्टनशी वैर नक्की कशावरून?

दोघं एकाच वयाचे, दोघं कर्नल, दोघं न्यूयॉर्कचे नामांकित वकील, कोर्टात कधी समोरासमोर तर कधी एकाच बाजूने. १८०० मध्ये एका तरुणीचा मृतदेह विहिरीत सापडला आणि लेव्हाय वीक्स नावाच्या सुताराला खुनाच्या आरोपात पकडलं, तेव्हा त्याचे वकील म्हणून हॅमिल्टन आणि बर एकत्र उभे राहिले आणि तो सुटला. (विहीर मॅनहॅटन कंपनीचीच होती.) म्हणजे एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं ही.

राजकारणात मात्र १७९१ पासून बिनसलं. बरने सिनेटची जागा जिंकली ती हॅमिल्टनच्या सासऱ्याला, फिलिप स्कायलरला, हरवून. तेव्हापासून हॅमिल्टन पत्रांतून, खाजगी बैठकांतून बरबद्दल सतत लिहीत-बोलत राहिला, की हा माणूस तत्त्वशून्य आहे, धोकादायक आहे. १८०४ मध्ये बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि हरला. त्याच सुमारास ऑल्बनीच्या एका पेपरात चार्ल्स कूपर नावाच्या डॉक्टरचं पत्र छापून आलं, त्यात होतं की हॅमिल्टनने बरबद्दल याहूनही नीच मत व्यक्त केलंय. कुठलं मत ते लिहिलेलं नाही. बरने १८ जूनला विचारणा केली, हॅमिल्टनने शब्दाचा कीस पाडणारं लांबलचक उत्तर पाठवलं, बर आणखी चिडला, आणि दोघांनाही माघार घेणं अशक्य झालं.

त्या सकाळी काय झालं?

११ जुलै १८०४, बुधवार, सकाळी सातच्या सुमारास. न्यूयॉर्कहून दोन वेगळ्या होड्यांतून दोघं हडसन ओलांडून आले. द्वंद्वयुद्ध दोन्ही राज्यांत बेकायदेशीर, पण जर्सीत कारवाई कमी व्हायची म्हणून इकडे. बेकायदेशीर असल्याने काळजी किती घ्यायचे बघा : पिस्तुलं बॅगेत लपवून आणली, म्हणजे वल्हवणारे शपथेवर सांगू शकतील की आम्ही पिस्तूल बघितलंच नाही. डॉक्टर होसॅक आणि नावाडी खाली पाठ करून थांबले.

जागा म्हणजे कड्याच्या पोटातली एक अरुंद कपार. बर आणि त्याचा साथीदार व्हॅन नेस आधी पोचले, झुडपं बाजूला केली. हॅमिल्टन आला, दहा पावलं मोजली, पिस्तुलं दिली. पिस्तुलं हॅमिल्टनच्या साडूची, जॉन चर्चची. अडीचएक वर्षांपूर्वी हॅमिल्टनचा एकोणीस वर्षांचा मुलगा फिलिप असाच, याच पिस्तुलांच्या जोडीने लढताना गेला होता. हॅमिल्टनने थांबायला सांगून चष्मा लावला, पिस्तूल रोखून बघितलं. मग दोन बार झाले, मध्ये काही सेकंद. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरच्या फांदीला लागली, बरची हॅमिल्टनच्या पोटात, उजव्या कमरेच्या वर, आणि ती जाऊन मणक्यात अडकली.

बर पुढे झाला, काही बोलायला म्हणून, पण व्हॅन नेसने त्याला मागे ओढलं आणि छत्री उघडून त्याचा चेहरा झाकत होडीकडे नेलं. डॉक्टरला शपथेवर सांगता यावं की मी बरला बघितलं नाही, म्हणून. ही छत्री माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हॅमिल्टन गेला.

हॅमिल्टनने मुद्दाम हवेत गोळी मारली होती का?

त्याने आदल्या दिवसांत लिहून ठेवलं होतं की पहिली गोळी मी वाया घालवणार. त्याचा साथीदार पेंडलटन म्हणाला की बरचा बार आधी झाला आणि धक्क्याने हॅमिल्टनचं पिस्तूल उडालं. व्हॅन नेस म्हणाला आधी हॅमिल्टननेच मारली. पेंडलटन दुसऱ्या दिवशी परत त्या जागी गेला, गोळी लागलेली फांदी शोधून काढली, जमिनीपासून साधारण साडेबारा फूट वर. दोघांनी मिळून निवेदन काढलं पण या एका मुद्द्यावर एकमत झालं नाही ते नाहीच. माझं मत विचाराल तर हॅमिल्टनने मारायचं नाही असं ठरवलं असावं, पण बरला ते माहीत नव्हतं. समोरचा माणूस चष्मा लावून नेम धरून बघतोय, एवढंच त्याला दिसलं.

खून करून उपाध्यक्ष मोकळा कसा राहिला?

न्यू जर्सीत खुनाचा आरोप दाखल झाला, न्यूयॉर्कातही गुन्हा नोंदला, पण खटला कधीच चालला नाही. तो काही महिने दक्षिणेत, जॉर्जियाकडे जाऊन राहिला आणि मग परत येऊन सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला! (उपाध्यक्ष हाच सिनेटचा अध्यक्ष असतो.) आणि तिथे काम काय आलं? सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सॅम्युएल चेस यांच्यावरचा महाभियोग. सगळ्यांना वाटलं जेफरसनला खूश करायला हा पक्षपात करेल. त्याने इतक्या काटेकोरपणे तो खटला चालवला की विरोधकांनीही मान्य केलं. चेस निर्दोष सुटले. दुसऱ्या दिवशी, २ मार्च १८०५ ला, बरने सिनेटचा निरोप घेणारं भाषण केलं आणि ऐकताना सिनेटर्सच्या डोळ्यात पाणी आलं, हे त्याच्या शत्रूंनीही लिहून ठेवलंय.

मग तो देशद्रोहाचा कट काय होता? खरंच वेगळा देश काढणार होता?

सगळ्यात अवघड प्रश्न. १८०५-०६ मध्ये तो ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या काठाने फिरला, बोटी बांधल्या, माणसं जमवली. प्रत्येकाला वेगळं सांगितलं. ब्रिटिश राजदूत ॲन्थनी मेरीला त्याने असं सुचवलं की पश्चिमेची राज्यं फुटू शकतात, पैसे द्या. इतरांना सांगितलं की स्पेनशी युद्ध होणारच आहे, झालं की मेक्सिकोवर (तो तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता) चाल करू. आणखी कोणाला सांगितलं की वॉशिटा नदीकाठी बॅस्ट्रॉपची जमीन घेतलीय, वसाहत करायचीय. मला वाटतं मेक्सिकोचं खरं होतं, जमीन ही त्याची आड होती, आणि राज्यं फोडायचं बोलणं ब्रिटिशांकडून पैसे काढायला. पण बोलला होता हे नक्की, आणि माजी उपाध्यक्षाने असं परक्या राजदूताशी बोलणं ही गंभीर गोष्ट आहे, ती धुऊन निघत नाही.

त्याचा भागीदार होता जनरल जेम्स विल्किन्सन, अमेरिकन सैन्याचा प्रमुख. आणि हा विल्किन्सन वर्षानुवर्षं स्पेनकडून पगार घेत होता, 'एजंट १३' म्हणून, हे नंतर स्पॅनिश दफ्तरांतून सिद्ध झालं. आपल्यावर येतंय असं दिसल्यावर त्याने बरचं सांकेतिक लिपीतलं पत्र जेफरसनकडे पाठवून दिलं, स्वतःचा सहभाग दाखवणारा मजकूर खोडून. ते अक्षरही बरचं नव्हतं, त्याचा सहकारी जोनाथन डेटनचं असावं असं आता अभ्यासक मानतात.

शेवटी बरकडे माणसं किती होती? शंभराच्या आत, दहाएक बोटी. फेब्रुवारी १८०७ मध्ये आजच्या अलाबामात, रात्री रस्ता विचारायला थांबलेल्या, जुनी टोपी आणि नावाड्याचे कपडे घातलेल्या माणसाला एका वकिलाने ओळखलं, म्हणे डोळ्यांवरून, आणि तो पकडला गेला.

पुरावे होते तर सुटला कसा?

जेफरसनने आधीच, जानेवारी १८०७ मध्ये, काँग्रेसला लेखी कळवलं होतं की बर दोषी आहे यात शंकाच नाही. खटला उभा राहायच्या आधी, आरोपी पकडला जायच्याही आधी! राष्ट्राध्यक्षाने असं म्हटल्यावर सामान्य माणसाने काय समजायचं.

खटला चालला रिचमंडला, ऑगस्टच्या उकाड्यात, विधानभवनाच्या हॉलमध्ये, कारण कोर्टात गर्दी मावेना. न्यायाधीश खुद्द सरन्यायाधीश जॉन मार्शल, जो जेफरसनचा लांबचा नातेवाईक आणि पक्का विरोधक. अमेरिकेच्या घटनेत देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम आखूड ठेवलीय : देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला मदत करणं, आणि तेही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत. सरकारचं म्हणणं होतं की १० डिसेंबर १८०६ ला ओहायो नदीत ब्लेनरहॅसेट या बरच्या साथीदाराच्या बेटावर माणसं जमली हे ते कृत्य. पण त्या दिवशी बर त्या बेटावर नव्हताच, शेकडो मैल लांब होता. मार्शलने निर्णय दिला की कृत्य सिद्ध झाल्याशिवाय बाकीची साक्ष उपयोगाची नाही. १ सप्टेंबर १८०७ ला ज्यूरीने सोडून दिलं, पण असे शब्द वापरले की 'आमच्यासमोर आलेल्या पुराव्याने' दोषी सिद्ध होत नाही. बर त्यावर चिडला होता.

मला स्वतःला हा निकाल फार मोठा वाटतो. बर निर्दोष होता म्हणून नाही. सत्तेवरच्या माणसाला नको असलेला माणूस, अख्खा देश त्याच्या विरोधात, आणि तरी कोर्टाने सांगितलं की बोलण्यावरून, संशयावरून फाशी देता येणार नाही. याच खटल्यात मार्शलने राष्ट्राध्यक्षाच्या नावे कागदपत्रं हजर करायचं समन्स काढलं होतं, आणि पुढे १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या टेप्सच्या वेळी त्याचाच दाखला दिला गेला.

त्याच्या मुलीबद्दल सांगा ना. ती समुद्रात गायब झाली ना?

थिओडोसिया. आईचंही नाव थिओडोसिया. आई म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याची विधवा, बरपेक्षा दहा वर्षांनी मोठी, पाच मुलांची आई. १७८२ मध्ये त्यांनी लग्न केलं, आणि त्या काळातल्या एवढ्या देखण्या, तरुण वकिलाने असं लग्न केलं ते निव्वळ तिच्या बुद्धीवर भाळून, असं तोच म्हणायचा. मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक १७९२ ला आलं, बरने वाचलं, भारावून गेला, आणि ठरवलं की लेकीला मुलासारखं शिकवायचं. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, गणित, पियानो, घोडेस्वारी. सिनेटच्या कामाला फिलाडेल्फियात असताना तिथून तिच्या पत्रांतल्या स्पेलिंगच्या चुका काढून पाठवायचा. १७९४ मध्ये आई कॅन्सरने गेली तेव्हा पोर अकराचीही नव्हती. चौदाव्या वर्षी, वडील गावाला असताना, मोहॉक जमातीचा नेता जोसेफ ब्रँट घरी आला, तर हिने एकटीने त्याच्यासाठी मेजवानी ठेवली.

साउथ कॅरोलायनाच्या जोसेफ आल्स्टनशी लग्न झालं. रिचमंडच्या खटल्यात ती वडिलांच्या पाठीशी तिथे जाऊन राहिली. जून १८१२ मध्ये तिचा दहा वर्षांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. बर तेव्हा नुकताच चार वर्षांनी युरोपातून परतला होता. नवरा गव्हर्नर झालेला, ब्रिटनशी युद्ध सुरू, त्याला राज्य सोडता येईना, म्हणून डिसेंबरच्या अगदी शेवटी ती 'पेट्रियट' नावाच्या जहाजाने वडिलांना भेटायला निघाली. वय एकोणतीस. ते जहाज न्यूयॉर्कला पोचलंच नाही. चाचे, कबुलीजबाब, किनाऱ्यावर सापडलेलं चित्र अशा खूप कथा आहेत, पण केप हॅटरसजवळ त्या दिवसांत मोठं वादळ होतं, त्यातच बुडालं असणार. बर कितीतरी दिवस मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, 'बॅटरी' नावाच्या जागी, धक्क्यावर येऊन समुद्राकडे बघत उभा राहायचा असं सांगतात.

त्याचा भारताशी काही संबंध होता का?

होता, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. मेरी एमन्स नावाची एक बाई त्याच्या घरात कामाला होती, आणि त्या घराण्याच्या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या आठवणींप्रमाणे ती कोलकात्यात जन्मलेली, हैतीमार्गे अमेरिकेत आलेली. तिला बरपासून दोन मुलं झाली, लुइसा शार्लट आणि जॉन पियर. जॉन पियर बर फिलाडेल्फियात न्हावीकाम करायचा, गुलामगिरीविरोधी चळवळीत पुढे होता, पळून आलेल्या गुलामांना स्वतःच्या घरात लपवायचा. लुइसाचा मुलगा फ्रँक वेब कादंबरीकार झाला, आफ्रिकन-अमेरिकन लेखकांमधला अगदी सुरुवातीचा.

बरने ही मुलं कधी जाहीरपणे आपली म्हटली नाहीत. २०१८ मध्ये डीएनए तपासणीनंतर बर घराण्याच्या संघटनेने त्यांना वंशज म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये जॉन पियरच्या थडग्यावर तसा दगड बसवला. एका मुलीला ग्रीक शिकवणारा बाप दुसऱ्या मुलीचं नावही घेत नाही, हे मी त्याच्या खात्यात नेहमी मांडते.

गुलामगिरीबद्दल त्याची भूमिका काय होती?

दोन्ही गोष्टी खऱ्या. १७८५ मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेत गुलामगिरी हळूहळू संपवायचं विधेयक आलं तेव्हा बर म्हणाला, हळूहळू कशाला, ताबडतोब संपवा. ती सूचना पडली. आणि स्वतःच्या घरात गुलाम होते.

नंतरचं आयुष्य?

१८०८ ते १८१२ युरोपात. लंडनला तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने त्याला घरी ठेवून घेतलं, पॅरिसला नेपोलियनने भेट दिली नाही, आणि तिथे इतके हाल झाले की लेकी-नातवासाठी जमवलेल्या भेटवस्तू विकायची वेळ आली. परत येऊन न्यूयॉर्कला वकिली. १८३३ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, एलायझा जुमेल नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तिचे पैसे उडवायला लागला, चार महिन्यांत ती वेगळी झाली. घटस्फोटात तिचा वकील कोण? अलेक्झांडर हॅमिल्टन, ज्युनियर! घटस्फोट पक्का झाला तो दिवस १४ सप्टेंबर १८३६, त्याच दिवशी स्टेटन आयलंडवर बर वारला.

जेफरसन, हॅमिल्टन यांच्या बाजू सगळ्यांना पाठ, मग बरची बाजू का ऐकू येत नाही?

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. हॅमिल्टन भरभरून लिहायचा, जेफरसनने हजारो पत्रं मागे ठेवली. हॅमिल्टनची बायको एलायझा नवऱ्यानंतर पन्नास वर्षं जगली आणि त्याचे कागद गोळा करत राहिली. बरला लिहून ठेवायची सवय नव्हती, लेखी गोष्ट कायमची राहते असं तो वकिलांना बजावायचा, स्वतःची सफाई द्यायचा तर त्याला कमीपणाच वाटायचा. आणि जे कागद होते त्यातले ट्रंका भरून थिओडोसियाकडे होते, ते तिच्याबरोबर समुद्रात गेले. उरलेले मॅथ्यू डेव्हिस या मित्राकडे आले, त्याने चरित्र लिहिलं खरं, पण बायकांची पत्रं जाळून टाकली. म्हणजे आपण त्याला ओळखतो ते जास्त करून त्याच्या शत्रूंच्या अक्षरातून. म्हणून वाचताना प्रत्येक वेळी बघावं की हे कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्यात त्याचा काय फायदा होता.

त्याच्याशी संबंधित जागा बघता येतात का?

वीहॉकनला हॅमिल्टन पार्कजवळ स्मारक आहे, अर्धपुतळा हॅमिल्टनचा, आणि शेजारी एक मोठा दगड, ज्याला टेकून जखमी हॅमिल्टन पडला असं म्हणतात. मूळ कपार मात्र नाही, रेल्वेसाठी फोडली. मॅनहॅटनच्या उत्तरेला मॉरिस-जुमेल मॅन्शन आहे, लग्न झालं ते घर, म्युझियम आहे आता.

आणि प्रिन्स्टनचं दफनभूमीचं आवार. गावातल्या विदरस्पून स्ट्रीटने गेलात की लागतं. कॉलेजच्या अध्यक्षांची रांग आहे, वडील आणि आजोबा शेजारीशेजारी, मोठ्या आडव्या शिळांखाली, आणि त्यांच्या पायाशी बरचा साधा उभा दगड. वीसएक वर्षं तिथे दगडही नव्हता. त्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा, मग क्रांतीच्या सैन्यात कर्नल, मग १८०१ ते १८०५ अमेरिकेचा उपाध्यक्ष, एवढंच कोरलंय. अक्षरं झिजलीत, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट वाचता येतात.